अठ्ठेचाळीस तासांची पिशवी

पेलुसाच्या डाव्या कुशीला एक दार आहे.
रबराचं, बशीएवढं, काळं.
रोसेंदो कात्रिलेफ बूच उपसतो
आणि कोपराच्या वरपर्यंत हात घालतो आत,
भरल्या रांजणात बुडालेला तांब्या
चाचपावा तसा.
गाय मान वळवून बघते.
चघळत राहते.

बाहेर ओसोर्नोचा जुलै, कुंपणाच्या तारांवर पांढरं दहिवर.
आत एकोणचाळीस अंश.
"या थंडीत," रोसेंदो म्हणतो,
"अख्ख्या जिल्ह्यात माझाच एक हात सुखी."

मी वही घेऊन उभी.
नायलॉनच्या पिशव्या, प्रत्येकीत पाच ग्रॅम वाळलं गवत,
तोंडं शिवलेली, नंबर घातलेले, साखळीला टांगलेल्या.
बारा तास. चोवीस. अठ्ठेचाळीस.
मग काढायच्या, नळाखाली धुवायच्या
पाणी नितळ येईपर्यंत,
भट्टीत सुकवायच्या, तोलायच्या.
उरलं ते तिला जमलं नाही.
गेलं त्याचं काही दूध, काही ऊब,
काही नुसताच ढेकर.

पहिला महिना फक्त गवत.
काडीला चिकटून बसणारे ते जीव
दिसत नाहीत, घाई करत नाहीत.
जुना स्वेटर उसवून लोकर वाचवणाऱ्या बाईसारखे
एकेक पीळ सोडवत जातात.
कोंड्याचा मांडा म्हणतात तो हाच, अंधारात केलेला.
दोन दिवसांनी पाचांतले उरले दीड.

दुसऱ्या महिन्यात बार्ली.
भरडलेली, गोडूस वासाची. चार किलो, मग सहा.
पेलुसा बादलीचा तळ चाटायची
आणि रिकामी बादली शिंगानं ढकलत न्यायची माझ्यापर्यंत.
आत मात्र दुसरेच जागे झाले :
पिठावर तुटून पडणारे,
एका दुपारीत दुप्पट चौपट होणारे,
पंगत उठली तरी आवार आंबवून ठेवणारे.
सकाळी मीटरवर सहा पूर्णांक सात,
दुपारी पाच पूर्णांक सहा.
रवंथ घटला. रवंथ घटला म्हणून लाळ घटली,
आणि आंबटावर उतारा होता तो लाळेचाच.

काडीचे कारागीर मेले नव्हते.
हात आखडून बसले होते.
काही जण तर स्वतःच काडी सोडून
पिठाच्या रांगेत गेले असतील,
असं डॉक्टर ओयारसून म्हणाल्या, काचेमागून, न हसता.
अठ्ठेचाळीस तासांची पिशवी उघडली.
तीन पूर्णांक एक.
मी पुन्हा तोललं.
तीन पूर्णांक एक.
खाणं वाढलं होतं, आणि गवत होतं तिथेच,
ओलं, जवळजवळ अख्खं,
पाहुण्यांच्या गडबडीत विसरून गेलेल्या
घरच्या माणसासारखं.

रोसेंदोनं कपाळाला हात लावला नाही
(हात तसा नव्हता).
"आमच्याकडे हिवाळ्यात बीटचा चोथा घालायचे," म्हणाला,
"साखर कारखाना गाळून टाकायचा तो.
गाई कधी आंबट झाल्या नाहीत."
मी ते वहीच्या समासात लिहिलं.
डॉक्टरांनी समास वाचला.

तिसरा महिना : चोथा.
तोही आत जाऊन गोडच होतो शेवटी,
पण त्याचं गोड आंबट व्हायला राजी नसतं,
आणि कारागिरांनाही त्यातला घास मिळतो.
सहा पूर्णांक तीन. पिशवीत एक पूर्णांक आठ.
एका गाईवरून काय सिद्ध होतं, डॉक्टर म्हणाल्या.
आणखी पाच गाई मागवल्या.

रोसेंदो साबणानं तीनदा हात धुतो.
तरी पुएर्तो माँतच्या बसमध्ये
त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते.
"बरं आहे," म्हणतो, "पाय पसरता येतात."

रात्रपाळीला मी पेलुसाचे घास मोजते.
तोंडात एक गोळा वर येतो,
छप्पन्न वेळा जबडा फिरतो, मग गिळते,
थोडी थांबते,
काही आठवल्यासारखी,
आणि दुसरा गोळा वर येतो.
एकोणीस, वीस, एकवीस.
तिसाव्याला वही घसरते माझ्या मांडीवरून.
ती थांबत नाही.